माझ्या नावाचं पान

केळझर
३ सप्टेंबर २०२५

रीता,

परवा मी मेले. म्हणजे मेले सात वर्षांपूर्वीच, मला कळलं परवा.

फोन करून विचारता आलं असतं. पण फोनवर तू आधी रडतेस आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते. शाळेपासून हेच चाललंय. म्हणून या वेळी कागद. कागदासमोर रडलीस तर मला ऐकू यायचं नाही.

गणपतीचे दिवस, म्हणून मी रोज टेकडीच्या पायथ्याशी भाजी घेऊन बसते. दर्शन घेऊन उतरणारे लोक पिशवी भरून नेतात. परवा एक बाई आली, सोबत पाचेक वर्षांची मुलगी. बाई कारली निवडत होती, पण डोळे माझ्या साडीवर. मी मोरपंखी नेसले होते, लाल काठांची, तू मागच्या दिवाळीला आणलीस ती.

“ताई, राग नका मानू,” म्हणाली. “ही साडी कुठून घेतली? अशीच मी घेतलती मागच्या साली. देयासाठी.”

“कोणाले देली?”

“नवमीच्या सवाष्णीले. माह्या सवतीच्या नावानं.”

हे ती किती सहज बोलली सांगू. जशी एखादी म्हणते, माझ्या नणंदेसाठी घेतली. पितृपक्षातली अविधवा नवमी, कुंकू घेऊन गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची, एवढं मलाही ठाऊक. मला वाटलं, चांगल्या मनाची दिसते. सवतीचं कोण करतं आजकाल?

“पाह्यली बी नाई मी तिले,” ती सांगू लागली. “यायची पयली बायको. अंजू नाव होतं.”

मी तराजूत कारली टाकत होते. टाकतच राहिले. दीड किलो झाली तेव्हा तिनंच हात धरला.

“कशानं गेली?” मी विचारलं.

“साप चावला बिचारीले. वावरात सोयाबीन सोंगतांना. दवाखान्यात नेईपर्यंत काईच राह्यलं नाई.”

बघ, नालवाडीत नीलेशचं खिळे-पत्र्याचं दुकान. सात पिढ्यांत त्याच्याकडे वावर नाही. नऊ वर्षांच्या संसारात माझ्या हातात त्यानं कधी विळा पाहिला नाही. आणि मारताना मात्र सोयाबीन! एवढी मेहनत त्यानं मला कधी हसवायला घेतली असती तर संसार टिकला असता.

नवऱ्याचं नाव विचारलं. नव्या नवरीसारखी लाजली आणि म्हणाली, “नीलेशराव.” तिचं नाव दिपाली. मुलीचं गुंजन. राहायला पिपरी मेघे.

मग मी विचारलं, आणि हे विचारायला नको होतं, “जेवायले कोण येते?”

“आमच्या गल्लीतल्या रीताताई. चक्कीवाल्या बबनरावच्या. सहा वर्षं झाले, दुसरी सवाष्ण पाह्यचं कामच नाई पडलं. तिले काय आवडे, ते बी यायले याद नाई. रीताताईनंच सांगतलं, पातोडी करजो, अशा बाईले पातोडी पावते.”

पातोडी. बेसनाच्या वड्या, वर झणझणीत रस्सा. माझ्या आईच्या हातची पातोडी आपण दोघी एका ताटात खायचो आणि शेवटच्या वडीवरून भांडायचो. ती शेवटची वडी तू माझ्या नावानं खात आलीस.

आता मला सगळं नीट मांडू दे, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. दर भाद्रपदात नवमीच्या आदल्या दिवशी तू यायचीस. “घरी पितर आहे,” म्हणायचीस. गवार, लाल भोपळा, कारली, वर मूठभर कोथिंबीर मी फुकट घालायचे, मैत्रीण म्हणून. आणि दर दिवाळीला तू मला साडी आणायचीस. मी म्हणायचे, अगं दरवर्षी कशाला? तू म्हणायचीस, “तुझीच आहे, नेस.” खोटं नाही बोललीस म्हणा.

नीलेश नागपूरकडे गेला, हेही तूच सांगितलं होतंस. तो तुझ्या गल्लीत, तुझ्या चक्कीवर दळण देत होता.

साडीबद्दल मी दिपालीला सांगितलं की वर्ध्यात दुकानातून घेतली, तिथे अशा ढीगभर होत्या. ती हसली, मुलीला घेऊन गेली. जाताना मुलीनं मला टाटा केला.

उत्तरात ‘मला माहीत नव्हतं’ असं लिहू नकोस. बाकी काहीही लिही.

कै. सौ. अंजू


केळझर
९ सप्टेंबर २०२५

रीता,

तुझं चार पानी पत्र आलं. अक्षर अजून तसंच, ओळ संपत आली की वर चढत जाणारं. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा संतापले. आता संतापावरच लिहिते आहे.

पहिलं वर्ष मी तुला माफ करते. खरंच करते. दिपाली गल्लीत नवी, सातवा महिना, आई नाही, कुणी सवाष्ण मिळेना म्हणून तुझ्या दारात आली. तू कुणाचं काय विचारलं नाहीस, गेलीस, पाटावर बसलीस. पान वाढून झालं आणि तिनं हात जोडून म्हटलं, “अंजूताई, जेवा.” तू मान वर केलीस तर आतल्या दारात नीलेश उभा, तोही हात जोडून, पण तुझ्यापुढे. भरल्या पानावरून उठायचं नसतं, म्हणून तू जेवलीस. मी असते तरी कदाचित जेवले असते. घास कसा उतरला असेल, मी समजू शकते.

दुसऱ्या वर्षी काय झालं? दुसऱ्या वर्षी तर बोलावणं आलं तेव्हाच ठाऊक होतं ना, पान कुणाचं आहे? तिसऱ्या वर्षी तू पातोडी सुचवलीस. ही भरल्या पानाची अडचण नव्हती गं, हा तर स्वयंपाक ठरवून देणं झालं.

तू लिहिलंस, “तुले आवडे म्हणून सांगतलं. वाटलं, निदान तुह्या आवडीचं तरी होऊ दे.” रीता, मला पातोडी आवडते, तर केळझरला ये आणि माझ्या चुलीवर करून घाल.

नीलेशनं खोटं का सांगितलं ते तू लिहिलंस. बिजवराला लोक मुलगी देतात, सोडचिठ्ठीवाल्याला प्रश्न विचारतात. दिपालीच्या बापानं एकच विचारलं म्हणे, पहिली वारली की सोडली? त्यानं उत्तर दिलं. बरोबर आहे त्याचं. मी कोर्टात सही केली तेव्हाच तो माझ्यापुरता संपला. त्याच्यावरचा राग मी वर्ध्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर टाकून आले. परक्यानं मारलं तर मार लागतो, एवढंच. तुझं तसं नाही.

मग तू ते गुंजनचं लिहिलंस. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि वावरात गेले, उगाच दोन वाफे खुरपले. डॉक्टरनं बाळाचं काही खरं नाही सांगितलं होतं, तेव्हा दिपालीनं त्या पहिल्या नवमीला माझ्यापाशी मागणं मागितलं. अंजूताई, एवढं लेकरू वाचू दे. आणि वाचलं. तेव्हापासून ती दरवर्षी पान वाढून झालं की माझ्याशी बोलते, मुलीच्या तापाचं, शाळेचं, नवऱ्याच्या रागाचंसुद्धा. तू लिहितेस, “ती पोरगी तुले देवी समजते, मी कसं तोडू?”

नऊ वर्षं मला मूल झालं नाही. त्याच्या आईनं कुठकुठल्या देवळांत नेलं ते तू पाहिलंस. जे मला जिवंतपणी जमलं नाही, ते मी मेल्यावर दिपालीला दिलं. वा गं अंजू!

आणि आता तुझ्या पत्रातली तिसऱ्या पानावरची ओळ. ती तू हळूच घातलीस, मधेच, वड्यात मिरची लपवतात तशी. “मी तुहं बी खोटं सांभाळलंच ना व?”

सांभाळलंस. मान्य. केळझरात आजही सगळ्यांना वाटतं, नीलेश सुरतला कापडाच्या गिरणीत आहे, सुट्टी मिळत नाही. आई-बाबांना धक्का नको म्हणून मी सांगितलं, ते गेले, आणि खोटं राहिलं. मंगळसूत्र राहिलं. कुंकू राहिलं. संक्रांतीचं वाण मला मिळतं, डोहाळजेवणाला मला बोलावतात. शेजारच्या गोपिकाकाकूंची सासू सवाष्ण गेली, तिच्या नवमीला सहा वर्षं मीच पाटावर बसते. काकूंनी तुला कधी विचारलं, “अंजूचे नीलेशराव कसे हाये?” तर तू म्हणायचीस, “मजेत हाये सुरतेत.” त्यानं मला पिपरीत मारलं, मी त्याला सुरतेत ठेवला, आणि दोन्हीकडचा निरोप पोचवणारी तू एकटी.

पण माझं खोटं तू माझ्या सांगण्यावरून सांभाळलंस. त्याचं माझ्यापासून लपवून सांभाळलंस. हा फरक तुला कळत नसेल असं मला वाटत नाही. चक्कीवर बसतेस, दाणा कोणता नि खडा कोणता हे तुला डोळे मिटून कळतं.

हेही खरं की आता मी अडकले. दिपालीसमोर जाऊन म्हटलं, मी अंजू, जिवंत आहे, तर ती बातमी संध्याकाळच्या बसनं केळझरला पोचेल. मग मी सवाष्ण नाही. या गावात सोडलेल्या बाईला कुणी तोंडावर काही बोलत नाही, फक्त बोलावत नाही. पिपरीतली मेलेली अंजू सौभाग्यवती आहे, तिला साडी मिळते, खीर मिळते, लोक हात जोडतात. केळझरातली जिवंत अंजू खरं बोलली तर तिला हळदीचं बोटसुद्धा मिळायचं नाही. एकेकदा वाटतं, मेलेलंच बरं.

तू शपथ घातलीस, यंदा नवमीला मी जाणार नाही. विश्वास ठेवते. सवयीनं ठेवते, पण ठेवते.

अंजू


केळझर
१७ सप्टेंबर २०२५

रीता,

हे शेवटचं. लांबलं तर लांबू दे.

आधी गावाकडचं. रविवारी दुपारी गोपिकाकाकू बोलवायला आल्या. उद्या नवमी, बारा वाजता येजो, लवकर येजो, वडे गरम पायजे तुले. मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सोडचिठ्ठी, सुरत, सगळं. आदल्या दिवशी सांगितलं, म्हणजे त्यांना दुसरी बाई बघता येईल.

 काकू म्हणाल्या, “मंग आतापर्यंत काऊन बसत होती व तू माह्या सासूच्या पानावर? सहा वर्षं माह्या सासूले उपाशी ठेवलं काय मी?”

  त्या क्षणी मला कळलं की गोपिकाकाकूंसाठी मी जी आहे, तीच तू माझ्यासाठी आहेस. मला वाटलं, आता तुला माफ करता येईल. खरंच वाटलं. काकू पदर सावरत उठल्या, माझ्या हातचं पाणी न पिता गेल्या. मंगळसूत्र मी रात्रीपर्यंत घालून ठेवलं, मग काढून डब्यात ठेवलं. गळा हलका होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, नुसती खाज सुटली.

सोमवारी सकाळच्या बसनं निघाले. पिशवीत गवार आणि भोपळा, रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायची सवय नाही म्हणून. ठरवलं होतं, दिपाली एकटी असेल. तू येणार नाहीस, म्हणजे ती कुणाला तरी शोधत असेल. तिला आत बसवून हळूच सांगायचं. ओरडायचं नाही, नवऱ्याचा उद्धार करायचा नाही. फक्त म्हणायचं, बाई, माझ्या नावानं पान वाढू नकोस, मला जिवंतपणीच भूक लागते. एवढं वाक्य बसमध्ये घोकत गेले.

दार उघडंच होतं. दिपालीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “अगबाई, केळझरच्या ताई! या ना, या. दारची सवाष्ण परत पाठवत नसते आज.” तिला काय वाटलं असेल, देवीनंच भाजी पाठवली? मी चपला काढल्या, आत गेले.

आणि तू पाटावर बसली होतीस.

हिरवी साडी, नाकात नथ. समोर पान, खीर, कढी, वडे, कोपऱ्यात पातोडी. पाचसहा घास झाले होते. गुंजन तुझ्या मांडीला टेकून पापड खात होती.

का गेलीस, हे मला कळतं. सकाळी ती हळदकुंकू घेऊन दारात आली असेल आणि तुला नाही म्हणता आलं नसेल. तुला कुणालाच नाही म्हणता येत नाही. मला नाही, नीलेशला नाही, दिपालीला नाही. लोक याला मायाळूपणा म्हणतात. मीही तीस वर्षं म्हटलं. म्हणजे पाटावर बसलेली पाहूनसुद्धा मी तुला अजून पूर्ण सोडलं नव्हतं, हे तुला कळावं म्हणून लिहिते. मी दारात उभी राहून तुझ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता बोल. तूच सांग. तू सांगितलंस तर सगळं फिटलं.

दिपालीनंच वाट करून दिली तुला. किती सरळ विचारलं तिनं. “रीताताई, तुमचं माहेर बी केळझरच ना? या ताईले ओळखता का?”

तू माझ्याकडे पाहिलंस. घाईत नाही, चांगलं पाहिलंस. हातातला वडा खाली ठेवलास.

“नाई व,” म्हणालीस. “गाव मोठं हाये.”

आपलं केळझर, रीता. एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ‘सत्य आहे’ म्हणतो. ते मोठं गाव.

मला तेव्हा राग आला नाही. तुला वाटत असेल, मी रागानं बोलले. मला वाईटही वाटलं नाही, ते नंतर बसमध्ये वाटलं, सेलू येईपर्यंत. तेव्हा फक्त एवढंच झालं की आता सांभाळायला काही उरलं नाही. दिपाली दुसरा पाट टाकत होती, “तुमी बी बसा, दोन सवाष्णी जेवल्या तर अजून चांगलं.”

मी म्हटलं, “मले नाई चालत. मी सवाष्ण नाई. माही सोडचिठ्ठी झाली.”

ती ओशाळली. पाट हातातच. “असू द्या ताई, जेवायले काय होते,” म्हणाली, आणि हे म्हणणारी या सगळ्यात ती पहिली. मग विचारलं, “नाव काय तुमचं? एवढ्या वेळेची बोलून राह्यली, नावच नाई इचारलं.”

“अंजू,” मी म्हटलं. “नालवाडीले होती. खिळे-पत्र्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत.”

तिला लगेच नाही कळलं. मग कळलं. पाट हातातून सुटला नाही, तिनं तो नीट भिंतीला टेकवला आणि त्याच्या शेजारी खाली बसली.

“साप?” एवढंच म्हणाली.

“नाई चावला.”

गुंजननं विचारलं, कोणता साप? दिपाली माझ्या गळ्याकडे, हातांकडे, पायांकडे बघत होती, पाय जमिनीला टेकलेत का बघावं तसं. मग ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “ताई, मी तुमच्याशी बोलत होती. सहा वर्षं. कोणालेच नाई सांगतलं असं असं सांगतलं तुमाले. माह्या मायले सांगतलं नसतं असं.” आणि मग, “तुमाले काईच ऐकू नाई आलं?”

“नाई,” मी म्हटलं. काय म्हणणार? मी भाजी विकत होते.

त्या वेळी तिनं तुझ्याकडे पाहिलं. तू तशीच, हात पानात. तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी लगेच ओळखलं, कारण टेकडीच्या पायथ्याशी तराजू धरून तेच माझ्या तोंडावर होतं. तिला आता हिशेब लागत होता. ती माझ्याकडे वळली आणि तिनं विचारलं, “ताई, खरं सांगा. रीताताईले माहीत होतं? तुमी ओळखता यायले?”

एक शब्द बोलले असते तर तुझं त्या गल्लीतलं सगळं संपलं असतं. चक्की, शेजार, गुंजन, सगळं. तुला ते कळलं होतं. तू माझ्याकडे पाहत होतीस, आणि आपल्या मैत्रीत पहिल्यांदाच तू काही मागत होतीस आणि मी देऊ शकत होते.

नीलेश संध्याकाळी दुकानातून येईल, तेव्हा त्या पोरीला कुणीतरी जवळ लागणार होतं, आणि त्या गल्लीत तिची तूच होतीस. मी हा विचार केला. पण एवढाच केला असं म्हणत नाही. मी तुझा चेहरा नीट पाहून घेतला, नथीसकट, आणि दिपालीला सांगितलं:

“नाई. मी यायले ओळखत नाई.”

अंजू